मदत हवी आहे: पॅक-मॅनच्या पडद्याभोवतीची चौकट नीट बसत नाही

मंडळी, मी न्यू जर्सीत असतो. मिडवे कंपनीने १९८० साली अमेरिकेत आणलेलं पॅक-मॅन या आर्केड व्हिडिओ गेमचं उभं कॅबिनेट (नाणं टाकून खेळायचं मशीन) सध्या दुरुस्त करतोय. रंग, जॉयस्टिक, वायरिंग झालं. घोडं अडलंय पडद्यापाशी.

यात १९ इंची सीआरटी (जुन्या टीव्हीतली काचेची पिक्चर ट्यूब) आडवी नाही, उभी बसवलेली असते. ट्यूबच्या कडा आणि पुढची काच यांच्यातली जागा झाकायला काळी चौकट लागते. जुनी पुठ्ठ्याची चौकट ओलीने पार फुगली आहे. त्यात आधीच्या कुणीतरी ट्यूब बदललेली दिसते, कारण हिचा फुगवटा कमी आहे. जुन्या मापाने कापलं की बाजू जुळतात, पण कोपऱ्यांत फट राहून आतलं सगळं दिसतं.

नवी चौकट जाड काळ्या पुठ्ठ्याची करू की एबीएस (कडक प्लास्टिक) शीटची? पुठ्ठ्याला घडी सहज पडते, पण तो पुन्हा दमट हवेत वाकेल. एबीएसला उष्णता देऊन वळवावं लागेल. कोपऱ्यांची गोलाई कागदावर अचूक कशी उतरवता? आणि चौकट मॉनिटरच्या फ्रेमला अडकवावी की कॅबिनेटच्या लाकडी पट्ट्यांना? मला पट्ट्या बऱ्या वाटतात, मॉनिटर काढताना चौकट हलणार नाही.

ट्यूबचा अॅनोड डिस्चार्ज करूनच (म्हणजे तिच्यात साठलेली उच्च दाबाची वीज काढून टाकूनच) हात घालतो, ती काळजी नको. एलसीडी बसवायचा सल्लाही कृपया नको! कुणी असं काम केलं असेल तर कोपऱ्यांचे फोटो टाका.