साधी फोली (मूत्राशयात ठेवायची लघवीची नळी) बेटाडीनमध्ये भिजवून घातली तर इन्फेक्शन टळेल का?

उपकेंद्र_मेळघाट

नमस्कार. धारणी तालुक्यात सीएचओ (उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. झाडावरून पडून कमरेखालचं अंग गेलेला एक तरुण पेशंट घरी असतो, हात चांगले चालतात. १६ नंबरची लॅटेक्स (रबरी) फोली कायम असते. दहा-अकरा दिवसांत ती चोक होते. काढली की टोकाला आणि आतून चुन्यासारखी पांढरी खर दिसते. लघवीला अमोनियाचा उग्र वास, मधूनमधून थंडी-ताप. घरचे म्हणतात बोअरचं पाणी जड आहे म्हणून खर धरते.

सोबतच्यांपैकी एकाचं म्हणणं आहे की घालण्याआधी फोली अर्धा तास बेटाडीनमध्ये किंवा जेंटामायसिन या अँटिबायोटिकच्या अँप्यूलमध्ये भिजवावी, म्हणजे तिला औषधाचा लेप बसतो. घरच्यांनी अमरावतीला चांदीचा लेप असलेल्या फोलीबद्दल ऐकलं आहे आणि पैसे जमवायला तयार आहेत. भिजवण्यात काही अर्थ आहे का? आणि चांदीवाली घ्यायला सांगू का?

पॉलिमर_नागपूर

भिजवून लेप बसत नाही, फक्त नळी ओली होते. जेंटामायसिन पाण्यात विरघळणारं क्षारस्वरूप औषध आहे. सिलिकॉन पाणी फारसं शोषून घेत नाही, त्यामुळे पाण्यात विरघळलेलं हे औषध आत शिरत नाही. लॅटेक्स फोलीवर बहुतेक वेळा सिलिकॉनचा किंवा टेफ्लॉनचा पातळ थर असतो, तिथेही तेच. वर जी ओल राहते ती लघवीच्या धारेत काही तासांत धुऊन जाते. बेटाडीनचंही तसंच. शिवाय निर्जंतुक पाकिटातून काढलेली नळी अर्धा तास उघड्या वाटीत ठेवणं म्हणजे होती ती निर्जंतुकता घालवणं.

कारखान्यात हे काम वेगळ्या रीतीने होतं. डोक्यात पाणी साचणाऱ्या मुलांना ते पाणी वाहून नेणारा जो शंट बसवतात, त्याच्या सिलिकॉन नळ्यांचं उदाहरण घ्या. रिफॅम्पिसिन आणि क्लिंडामायसिन ही अँटिबायोटिक क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवतात आणि नळी त्यात तासभर ठेवतात. क्लोरोफॉर्ममुळे सिलिकॉन चांगलं फुगतं आणि औषध भिंतीच्या पूर्ण जाडीत शिरतं. मग क्लोरोफॉर्म उडून जातो, नळी मूळ मापावर येते आणि औषध आतच अडकून राहतं. बाजारात असलेल्या अशा एका शंटमध्ये क्लिंडामायसिन ०.१५ टक्के आणि रिफॅम्पिसिन ०.०५४ टक्के असतं. पृष्ठभागावरचं औषध धुतलं गेलं की आतलं हळूहळू बाहेर सरकतं. म्हणजे काम करतो तो आतला साठा, वरचा रंग नव्हे. यासाठी औषध त्या द्रावकात विरघळणारं हवं, सिलिकॉनमधूनही थोडं सरकू शकणारं हवं, आणि नंतरच्या ऑटोक्लेव्हची (वाफेने निर्जंतुक करण्याची) उष्णता सोसणारं हवं. जेंटामायसिन पहिल्याच अटीत बाद होतं.

हे वाचून कोणी क्लोरोफॉर्मचा प्रयोग करू नये म्हणून आधीच लिहितो. फोलीचा फुगा वेगळा चिकटवलेला असतो आणि त्यात पाणी भरायची वाट अगदी बारीक असते. फुगण्या-आकसण्यात तो जोड सुटतो किंवा ती वाट मिटते, मग मूत्राशयातला फुगा रिकामाच होत नाही. लॅटेक्स तर क्लोरोफॉर्ममध्ये खराबच होतं. आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध आहे, जंतूच्या एकाच जनुकीय बदलाने त्याला प्रतिकार तयार होतो. म्हणूनच टीबीच्या उपचारात ते एकटं वापरत नाहीत. आपल्या भागात टीबी किती आहे ते इथे सगळ्यांना माहीत आहे. कॅप्सूल फोडून नळीला चोळणं हे गावावरचं संकट ठरेल.

आता लेप कुठे उपयोगी पडतो? ब्रिटन-आयर्लंडमध्ये १,६०५ शंट पेशंटांवर झालेला 'बेसिक्स' अभ्यास २०१९ साली आला. साध्या शंटमध्ये संसर्ग ६ टक्के, चांदीवाल्यात ६ टक्के, अँटिबायोटिकवाल्यात २ टक्के. तिथे फायदा झाला कारण बहुतेक जंतू ऑपरेशनच्या वेळी कातडीवरून आत जातात, नंतर जखम बंद. सुरुवातीचे थोडे आठवडे राखण केली की बाजी जिंकली. लघवीच्या नळीला ही सोय नाही. बाहेरची वाट रोज उघडी, आणि येणारे जंतू बहुतांशी आतड्यातले, ज्यांच्यावर ही जोडी फारशी चालत नाही. साठा संपणार, वाट बंद होणार नाही.

युरो_वर्धा

वरचं सगळं बरोबर. चांदीबद्दल थोडं.

ब्रिटनमधल्या २४ हॉस्पिटलांत ७,१०२ पेशंटांवर झालेल्या अभ्यासाचा निकाल २०१२ मध्ये आला. थोड्या दिवसांसाठी फोली घातलेले पेशंट होते. लक्षणं असलेला लघवीचा संसर्ग साध्या टेफ्लॉन-लॅटेक्स नळीत १२.६ टक्के, चांदीच्या नळीत १२.५ टक्के. फरक जवळपास शून्य. नायट्रोफ्युराझोन या जंतुनाशकाच्या नळीत १०.६, पण ती जास्त दुखली. हे थोड्या दिवसांचं झालं. महिनोन्‌महिने नळी असलेल्या माणसात चांदीकडून आणखी कमी अपेक्षा ठेवा. लघवीतल्या क्लोराइडशी चांदीची गाठ पडली की न विरघळणारं संयुग बनतं, वर प्रथिनांचा आणि क्षारांचा थर बसतो, आणि जंतू त्या थरावर घर करतात. त्यांना खालच्या चांदीचा स्पर्शच होत नाही. घरच्यांना सांगा, त्यासाठी पैसे जमवू नका.

पांढरी खर बोअरच्या पाण्याची नाही. वास आणि वर्णन पाहता प्रोटियससारखा जंतू असण्याची शक्यता मोठी. तो युरिएज नावाचं एन्झाइम सोडतो, युरियाचा अमोनिया होतो, लघवीचा पीएच चढतो आणि मॅग्नेशियम-अमोनियम फॉस्फेट, कॅल्शियम फॉस्फेट यांचे खडे नळीवर जमतात. पीएच मोजायची पट्टी असेल तर ताजी लघवी तपासा, पीएच ८ च्या आसपास दिसेल.

सतत चोक होणाऱ्या पेशंटला मूत्राशयात खडा असू शकतो. सोनोग्राफी करून घ्या, ही माझी पहिली सूचना. खडा असेल तर जंतू त्यात दडून राहतो आणि कोणतीही नळी घातली तरी काही आठवड्यांत तेच. खडा काढल्यावरच चक्र तुटतं.

तोवर पूर्ण सिलिकॉनची फोली घाला. भिंत पातळ असल्यामुळे त्याच नंबरात आतलं भोक मोठं मिळतं. पाकिटावर १२ आठवडे लिहिलं असलं तरी या पेशंटला तो हिशोब लावू नका. नळी ११ व्या दिवशी चोक होत असेल तर ८ व्या-९ व्या दिवशी बदला, चोक व्हायची वाट पाहू नका. पाणी इतकं प्यायला सांगा की दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी. मेळघाटच्या उन्हात घामावाटे बरंच जातं, तेव्हा उन्हाळ्यात त्यानुसार वाढवा. रोज लिंबू-पाणी द्या. सायट्रेटमुळे आणि पातळ लघवीमुळे खडे ज्या पीएचला बसू लागतात ती पातळी वर सरकते आणि नळी जास्त दिवस टिकते.

आणि खरं तर हात चालतात तर कायमची नळी का? सोनोग्राफीत मूत्रपिंडं नीट असतील आणि युरॉलॉजिस्टने तपासून होकार दिला, तर दिवसातून ४ ते ६ वेळा स्वतः साधी नळी घालून लघवी काढणं त्याला शिकवा. प्रत्येक वेळी ५०० मिलीपेक्षा जास्त साचू देऊ नये. या पेशंटसाठी हाच सर्वांत मोठा जंतुविरोधी उपाय आहे.

उपकेंद्र_मेळघाट

मनापासून आभार. सोनोग्राफीला पाठवतो. सिलिकॉन फोली कधी वापरली नाही. फुग्यात एनएस (सलाइनचं मिठाचं पाणी) चालेल का? बाकी काय वेगळं?

सिस्टर_यवतमाळ

एनएस नको भाऊ, निर्जंतुक पाणी. मिठाचे कण त्या बारीक वाटेत बसले तर फुगा रिकामा होत नाही. किती मिली ते नळीवरच छापलेलं असतं, तेवढंच. सिलिकॉनच्या फुग्यातून पाणी हळूहळू झिरपून कमी होतं, म्हणून दोन आठवड्यांहून जास्त ठेवायची असेल तर मध्ये एकदा नळी हाताने धरून पाणी काढून मोजा आणि ठरलेलं माप परत भरा. काढताना सिरिंज लावा आणि दट्ट्या आपोआप मागे येऊ द्या. जोराने ओढलं की सिलिकॉनच्या फुग्याला कडा पडते आणि ती मूत्रमार्ग खरवडते.

घालताना पुरुष पेशंटमध्ये नळी पूर्ण, दोन फाटे फुटतात तिथपर्यंत आत जाऊ द्या, लघवी दिसू द्या, मगच फुगा भरा. लिग्नोकेन (बधिर करणारी) जेली वापरा. खोबरेल किंवा व्हॅसलीन लॅटेक्सला लावलं की रबर मऊ पडून फुगा फुटतो. नळी मांडीला पट्टीने बांधा, ताण यायला नको.

पिशवीचा आणि नळीचा जोड उघडायचाच नाही. घरोघरी हीच चूक दिसते: पिशवी धुवायची म्हणून रोज जोड काढतात आणि जंतूला सरळ दार मिळतं. खालच्या तोटीतून रिकामी करा, दोन-तृतीयांश भरायच्या आत, भांडं या पेशंटचं वेगळं, आधी-नंतर साबणाने हात. पिशवी खाटेच्या दांड्याला लटकवा, शेणाने सारवलेल्या जमिनीला टेकू देऊ नका. एसटीत किंवा ऑटोत पिशवी मांडीवर घेतात, त्याने जुनी लघवी परत मूत्राशयात जाते. निघण्याआधी रिकामी करून पायाजवळ ठेवायला सांगा. तोंडाजवळ रोज साबण-पाणी पुरे. बेटाडीन लावणं किंवा बेटाडीनने मूत्राशय धुणं नको.

उपकेंद्रातला साठाही पाहा. टिनपत्र्याखाली मे महिन्यात ठेवलेली लॅटेक्स नळी कडक होते. सावलीत, सपाट, मोटर-इन्व्हर्टरपासून दूर ठेवा. पाकिटांना रबर बँड बांधू नका, नळीला घडी पडते आणि सील फाटतं.

ताप, थंडी किंवा पोटात दुखणं असेल तरच तपासणी आणि अँटिबायोटिक. नुसती लघवी गढूळ दिसली किंवा वास आला म्हणून गोळ्या नकोत. लक्षणं असतील तर आधी नळी बदला आणि कल्चरचं (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचं) सँपल नव्या नळीतून घ्या, पिशवीतून नाही. जुन्या नळीवरचे जंतू रिपोर्टमध्ये आले तर औषध चुकीचं निवडलं जातं.

युरो_वर्धा

एक राहिलं, तुमच्या इतर पेशंटांसाठी. मणक्याची इजा छातीच्या वरच्या भागात, टी-६ (छातीचा सहावा मणका) किंवा त्याच्या वर असेल आणि नळी चोक झाली तर बीपी एकदम चढतं: डोकं फुटेल असं दुखतं, चेहऱ्याला घाम सुटतो. त्याला लगेच बसवा, पाय खाली सोडा, कपडे सैल करा, नळीला कुठे पीळ आहे का ते पाहा. पीळ नसेल तर तिथेच नळी बदला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही.