शब्दचर्चा: ‘उडत्या चालीचं’, ‘नाचाचं’ की ‘नाचवणारं’?

दापोलीकर:
आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकात परदेशी गाण्यांवर एक सदर आहे. माझ्या वाट्याला आलंय स्वीडनच्या ‘आबा’ या चौघांच्या गटाचं १९७६ सालचं ‘डान्सिंग क्वीन’. लिहिताना तीन शब्दांपाशी अडलोय. ‘सिंगल’ला संपादक ‘एकल’ सुचवतायत. नाचासाठीचं गाणं म्हणून मी ‘उडत्या चालीचं’ लिहिलं, ते घरातच कुणाला पटत नाही. आणि गाण्याचं ‘रिसेप्शन’ कसं झालं, हे सांगायला ‘स्वागत’ लिहिलं की दारात सनई वाजल्यासारखं वाटतं. मदत करा.

राजापूरची गंगा:
‘एकल’ नकोच. एकल गायन म्हणजे एकट्यानं गायलेलं, आणि इथे तर दोघी मिळून गातायत. सरळ ‘सिंगल’ लिहा. पहिल्यांदा येईल तिथे ‘अल्बमच्या आधी सुटी विकायला काढलेली तबकडी’ एवढं जोडा म्हणजे झालं. पेटीतला आंबा सुटा विकावा तसं ते. हे गाणं ऑगस्टमध्ये असं सुटं आलं आणि ‘अरायव्हल’ ही पेटी ऑक्टोबरात. मागच्या बाजूला ‘दॅट्स मी’ हे दुसरं गाणं होतं, म्हणजे ‘एक’ या अर्थानंसुद्धा एकल नाहीच!

खाडीपलीकडचा:
घरच्यांचं बरोबर आहे. उडती चाल म्हणजे जलद, हलकी, ऐकल्याबरोबर मान हलवायला लावणारी. हे गाणं मुळात जलद नाही. मिनिटाला साधारण १०० ठोके पडतात, डिस्कोची नेहमीची गाणी १२० च्या आसपास धावतात. पुन्हा ऐका, पाय उडत नाहीत, कंबर आणि खांदे हलतात. त्याचं कारण ठेक्यात आहे. जॉर्ज मॅक्रेचं १९७४ चं ‘रॉक युअर बेबी’ ऐकून त्यातला तो सैल, झुलता ठेका आबाचे संगीतकार बेनी आणि ब्यॉर्न यांनी मनात धरला होता. म्हणून मी ‘झुलत्या ठेक्याचं’ म्हणेन.

आपल्याकडे चाल आणि ठेका यांत लोक गल्लत करत नाहीत. आपल्या कोकणातल्या जाखडी नाचाला बसलात तर कळेल. शाहीर मधे बसून कवन सांगतो, भोवती पोरं पायात चाळ बांधून फिरतात. कवनाची चाल कधी कधी सरळ सिनेमातली उचललेली असते, पण पोरांचे पाय मृदंगावर, म्हणजे ठेक्यावर पडतात. चाल तीच ठेवून मृदंगवाला लय वाढवतो तेव्हा खरी रंगत. ‘उडत्या चालीचं’ म्हणून तुम्ही सुरावटीबद्दल बोलताय आणि सांगायचंय ठेक्याबद्दल.

जाता जाता, ‘चालीवर शब्द बसवणं’ हा आपला शाहिरी वाक्प्रचार इथे फुकट वापरता येईल. ऑगस्ट १९७५ मध्ये ध्वनिमुद्रण सुरू झालं ते नुसत्या वाद्यमेळाचं, शब्द नंतर बसले. तो नुसता वाद्यमेळ बेनीनं टेपवर घरी नेऊन ऐकवला तेव्हा गाणाऱ्या दोघींपैकी फ्रीडाला रडू आलं, असं तिनंच सांगितलंय. नाचाच्या गाण्यावर रडू! हे लेखात घ्याच.

वेंगुर्लेकर:
‘झुलत्या ठेक्याचं’ चांगलं आहे, पण त्यात नाच कुठे? पाळणाही झुलतो. मला ‘नाचवणारं’ हवं. शिमग्यात आपण पालखी नाचवतो; पालखी स्वतः नाचत नाही, खांद्यावरची माणसं तिला नाचवतात आणि मग तीच माणसांना नाचवायला लागते. गाण्याचं तेच. ‘नाचाचं गाणं’ म्हणजे नाचासाठी केलेलं, मग त्यावर कुणी नाचो न नाचो. ‘नाचवणारं’ म्हणजे ज्यानं लोकांना उठवलं ते. ‘नाचरं’ मात्र वापरू नका, ते मोराला आणि अवखळ पोरीला शोभतं.

आमच्याकडे कोणी असले शब्द लावत बसत नाही म्हणा. ‘ह्या गाण्यार नाचूक बरा वाटता’ म्हटलं की विषय संपला.

राजापूरची गंगा:
वेंगुर्लेकर, पटलं. आता ‘रिसेप्शन’. मला वाटतं तिथे एक नाम शोधणंच चुकीचं, कारण मराठीत हे काम क्रियापदं करतात आणि प्रत्येकाचा कर्ता वेगळा. गाणं खपतं ते दुकानात. वाजतं ते रेडिओवर, मांडवात, बँजो पार्टीत. गाजतं ते लोकांच्या तोंडी. आणि मान्यवर नाकं मुरडतात ती वेगळीच.

आता तुमचं गाणं लावून बघा. ब्रिटनमध्ये ते १९७६ च्या सप्टेंबरपासून सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. तिथली यादी तबकड्यांच्या विक्रीवरून होत असे, तेव्हा तिथे ते ‘खपलं’. अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत विक्रीबरोबर रेडिओवरचं वाजणंही धरत. तिथे एप्रिल १९७७ मध्ये ते एक आठवडा पहिलं आलं, आबाचं तिथलं एकमेव पहिलं. म्हणजे ‘खपलं आणि वाजलं’. खुद्द स्वीडनमध्ये डाव्या विचारांची जी संगीत चळवळ होती, तिला हा गट म्हणजे निव्वळ धंदा वाटे. त्यांनी नाकं मुरडली. हे सगळं ‘उदंड प्रतिसाद मिळाला’ या एका वाक्यात कोंबलंत तर वाचकाला कोण काय करत होतं ते कळणारच नाही.

‘गाजलं’ मी नंतरच्या काळाला राखून ठेवीन. १९८२ नंतर गट थांबला, आणि १९९२ चा ‘आबा गोल्ड’ संग्रह, १९९९ चं ‘मामा मिया!’ हे संगीतनाटक, २००८ चा त्यावरचा चित्रपट यांनी ते गाणं अशा पिढीच्या तोंडी घातलं जिनं तबकडी हातात धरलेली नाही.

खाडीपलीकडचा:
‘वाजलं’ जपून. आमच्या गावात ‘त्या दोघांचं वाजलं’ म्हणजे भांडण. गाणं कर्ता म्हणून वाक्यात समोर ठेवा.

दापोलीकर:
सगळ्यांचे आभार. नावाचं मात्र राहिलं. संपादकांना ‘नृत्यसम्राज्ञी’ हवंय.

वेंगुर्लेकर:
नको हो. नृत्यसम्राज्ञी म्हटलं की सितारादेवी डोळ्यांपुढे येतात, जन्मभराची तालीम येते. गाण्यातली पोर सतरा वर्षांची, शुक्रवारच्या रात्री मजा करायला आलेली. ‘डान्सिंग क्वीन’च ठेवा. आणि हे स्वीडनच्या राणीवर रचलं असा समज असतो, तो तुमच्या लेखात शिरू देऊ नका. राजाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, १८ जून १९७६ ला, स्टॉकहोमच्या ऑपेरात ते गायलं गेलं खरं, पण ध्वनिमुद्रण आदल्या वर्षीच सुरू झालं होतं.

दापोलीकर:
मग असं लिहितो: ‘झुलत्या ठेक्याचं, माणसाला नाचवणारं हे सिंगल ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर खपलं, अमेरिकेत खपलं आणि रेडिओवर वाजलंही.’

राजापूरची गंगा:
‘पहिल्या क्रमांकावर खपलं’ नाही जमत. ‘पहिल्या क्रमांकावर राहिलं इतकं खपलं’ करा. आणि ‘सहा आठवडे’च्या आधी ‘सलग’ टाका, नाहीतर कोणीतरी तुकड्यातुकड्यांनी मोजेल.