‘नॉलेज शेअरिंग’ला मराठी शब्द हवाय, ‘ज्ञानवाटप’ सोडून

उचगावकर : कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी मनुष्यबळ विभाग बघतो. वाळूच्या साच्यात वितळलेला धातू ओतून सुटे भाग, म्हणजे कास्टिंग, बनवतो आम्ही. ऑडिट तोंडावर आलंय. आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत ७.१.६ असं एक कलम आहे. कामाला लागणारं ज्ञान कोणतं ते संस्थेनं ठरवायचं, जपायचं आणि लागेल त्याला मिळेल असं ठेवायचं. त्यासाठी शॉपमध्ये मराठी फलक लावला, ‘ज्ञानाचे वाटप करा’. मोल्डिंगच्या, म्हणजे साचे करणाऱ्या, मिस्त्रींनी वाचला आणि विचारलं, “साहेब, रेशनकार्ड आणायला लागतंय काय?”

हसं झालं ते झालं, पण त्यांचं बरोबर आहे. वाटप साड्यांचं, वह्यांचं, धान्याचं. देणारा स्टेजवर, घेणारा रांगेत. ‘देवाणघेवाण’ बरा शब्द आहे, पण ३० वर्षं वाळूत हात घातलेला माणूस आणि परवा आलेला पोरगा यांच्यात कसली देवाणघेवाण? शब्द सुचवा. शिवाय ‘ऑर्गनायझेशनल हेल्थ’चं ‘संस्थेचे आरोग्य’ केलं, तर आमच्यातली निम्मी माणसं दूध संस्थेबद्दल विचारायला लागली.

शब्दवेल्हाळ : विद्याधनाला जुनं सुभाषित ‘न भ्रातृभाज्यम्’ म्हणतं, भावाभावांत त्याची वाटणी होत नाही. वाटलं की देणाऱ्याचं कमी होतं. विद्येचं तसं नाही. म्हणून ‘वाटणे’च्या पोटातले सगळेच शब्द इथं अडतात. ‘सामायिक’ म्हणाल तर सातबाऱ्यावरची विहीर आठवते, आणि त्यामागचे खटलेही. ‘हेल्थ’ला ‘स्वास्थ्य’ सुचवणार होते, पण ‘स्वस्थ’चं मराठीत काय झालंय बघा : स्वस्थ संस्था म्हणजे जिथं कुणी काही करत नाही ती! ‘प्रकृती’ घ्या. प्रकृती जपावी लागते, ती तोळामासाही होते.

जाता जाता, तुम्ही ‘मनुष्यबळ’ लिहिलंत, बरं वाटलं. ‘मानव संसाधन’ दिल्लीच्या खात्याच्या पाटीवर १९८५ ला आलं नि २०२० ला उतरलं. खात्याचं नाव परत ‘शिक्षण’ झालं, आपल्या कंपन्यांतलं ‘संसाधन’ मात्र हलायला तयार नाही.

लाल माती : उलट बाजूनं शोधा की. न सांगण्याला आपल्याकडं पक्का शब्द आहे : हातचं राखणं. बेरजेत ‘हातचा एक’ म्हणतो, तो कागदावर दिसत नाही पण हिशेबात असतो. मला तरी हे दोन्ही एकाच घरचे वाटतात.

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्तीची जोड पुकारताना पैलवानाच्या नावाला ‘अमक्या वस्तादांचा पठ्ठा’ हे लागतंच. विद्या कुठनं आली ते आधी सांगायचं. आणि त्याच तालमीत ती गोष्टही सांगतात, की वस्ताद सगळे डाव शिकवतो, एक राखतो, आणि पठ्ठा उलटला की त्याच डावावर त्याला आसमान दाखवतो. तेराव्या शतकात सादी या इराणी कवीनं हीच गोष्ट ३६० डावांच्या मल्लाची म्हणून फारसीत सांगितलीय. ‘वस्ताद’ हा शब्दच फारसी ‘उस्ताद’वरून आलेला, गोष्टही त्याच्या पाठोपाठ आली असणार.

निवृत्त मोल्डर : राखतो तो लबाड नसतोय ओ, भ्यालेला असतोय. मी दोन पोरं तयार केली. एक भट्टीवर, एक वाळूवर. दोन्ही ठेकेदाराची. सहा म्हैन्यात एक गोकुळ शिरगावला गेला, दुसरा कागलला. तिसरा आला तवा माझाच हात आखडला. त्यात वरनं इचारायचे, आज साचे कमी का पडले? पोराला शिकवताना साचे कमी पडणारच की! तुमच्या त्या प्रॉडक्शनच्या कागदावर शिकवण्याचा रकाना कुठाय?

उचगावकर : काका, रकाना नाही. खरंच नाही.

आणि तो नसल्याचं मोल आम्ही भरलंय. दोन वर्षांपूर्वी वाळूवरचे जुने मिस्त्री निवृत्त झाले. शाल, नारळ, फोटो. पुढच्या उन्हाळ्यात कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे वायूमुळं होणारी भोकं, पडायला लागले. लॅबचा कागद बघावा तर ओल बरोबर, ताकद बरोबर. आठ-दहा दिवस आम्ही वाळू धरून ठेवणारा बाइंडर बदलत बसलो. शेवटी मिस्त्रींना घरनं बोलावून आणलं. त्यांनी पट्ट्यावरची मूठभर वाळू उचलली, दाबली, मुटका मोडून कडा बघितली. मग तोच तळवा गालाला लावला आणि म्हणाले, “ताप आलाय हिला.” वाळू थंड न होताच परत फिरत होती. गरम वाळूतली वाफ गार कोअरवर, म्हणजे साच्यात पोकळीसाठी ठेवतात त्या गाभ्यावर, जाऊन ओल धरत होती. नमुना लॅबमध्ये पोचेपर्यंत निवायचा, त्यामुळं कागदावर काहीच दिसायचं नाही. गालाला हात लावायचा हे आमच्या कुठल्याच सूचनापत्रात नव्हतं. त्यांनी राखलं होतं असंही नाही. “ह्यात सांगायचं काय?” म्हणाले.

शब्दवेल्हाळ : मग हे ‘हातचं राखणं’ नव्हे, वेगळं आहे. मायकेल पोलान्यी या विचारवंतांनी विसाव्या शतकात यावर बरंच लिहिलं : माणसाला सांगता येतं त्याहून जास्त येत असतं. त्या ‘टॅसिट’ला पुस्तकी मराठीत ‘अव्यक्त ज्ञान’ म्हणतात. पण आपण रोज म्हणतो ते ‘हात बसलाय’. पोळीवर बसतो, शिलाईवर बसतो, वाळूवरही. राखलेलं मागून मिळेल. बसलेलं मागून मिळत नाही, शेजारी उभं राहावं लागतं.

गुऱ्हाळवाली : त्यालाच ‘हाताखाली’ म्हणतात की! आमचे आजोबा गुळव्या. काहिलीतला रस पाण्यात सोडून गोळी बघायचे. वडील विचारायचे, किती वेळ उकळायचं? आजोबा म्हणायचे, उभा राहा. वडील तीन हंगाम उभे राहिले. कुणी विचारलं की अजून सांगतात, “आबांच्या हाताखाली तयार झालो.” ‘मेंटॉरिंग’ला दुसरा शब्द कशाला पाहिजे?

लाल माती : एक नंबर. हात बसणं, हातचं राखणं, हाताखाली घेणं. ‘शेअरिंग’ गेलं उडत.

उचगावकर : फलक बदलला. ‘ज्याचा हात बसलाय त्याने एकाला हाताखाली घ्यावे.’ मिस्त्रींनी आज वाचला. या वेळी हसले नाहीत. म्हणाले, “घेतो की. पण तेवढे साचे माफ, आणि पोरगं वर्षभर हलवायचं नाही.” काकांचा रकानाही जोडून दोन्ही मागण्या मालकांकडं पाठवल्यात. त्यांनी अजून शब्द दिलेला नाही.