सायलोत ‘पातळी’ असते का?

अनुवादक_यवतमाळ
चंद्रपूरकडच्या एका सिमेंट कारखान्याची कामगार-पुस्तिका मराठीत करतेय. डिझेलची टाकी आणि सिमेंटचा सायलो (सुटा माल साठवायची उंच कोठी), दोन्हीकडे ‘लेव्हल’ कशी मोजायची असा धडा आहे. मी सरसकट ‘पातळी’ लिहिलं. तिथल्या फोरमनकाकांनी सायलोच्या पानावर काट मारली. म्हणाले, “सिमेंटले कुठची पातळी? पातळी पान्याले.” मग काय लिहू? थर? भर? उंची?

इन्स्ट्रुमेंटवाला
काकांचं बरोबर आहे. पाणी कुठूनही ओता, वरचा भाग सपाटच राहतो. एका जागी मोजलं की सगळीकडे मोजलं. सिमेंट, कोळसा, राखड यांचं तसं नाही. भरताना मध्ये ढीग चढतो, खालून काढलं की तिथेच खड्डा पडतो आणि भिंतीलगतचा माल तसाच चिकटून राहतो. वरून मालापर्यंतचं अंतर मोजणारं रडार कुठे बसवलंय त्यावर आकडा ठरतो. म्हणून माल नेमका किती ते हवं असेल तर सायलोच्या पायांखाली लोडसेल (वजन मोजणारे सेन्सर) लावून वजनच घेतात.
डिझेलच्या टाकीत तळाचा दाब मोजूनही भागतं. १० मीटर पाण्याला साधारण १ बार, डिझेल हलकं म्हणून त्याहून कमी. सायलोत ही युक्ती चालत नाही, कारण दाण्यांचा बराच भार भिंतीच पेलतात. जर्मन अभियंता यान्सेन यानं १८९५ मध्येच हे मांडून ठेवलंय.

वऱ्हाडी_गडी
राजेहो, धान्याले शब्द हायेत ना! पायली सपाट वेगळी अन् शिगेची वेगळी. काठाच्या वर जो ढीग राहते ते शीग. पान्याले शीग नसते, म्हनून पानी काठोकाठ अन् दाने शिगोशीग. आमची आजी कधी उलटं बोलली नाई.

मायबोली_शुद्ध
आता सगळे ‘पेला शिगोशीग भरला’ असंच लिहितात, तो भेद पुसला गेला. पण ‘पातळी’ हा शब्द ‘पातळ’वरून आला, हे तरी उघड आहे. म्हणजे तो द्रवांचाच. घन पदार्थांसाठी ‘स्तरांक’ हा नवा शब्द रूढ करायला हवा. ‘लेव्हल’ नको.

गोंदियाकर
‘पातळ’वरून? मग ‘चर्चेची पातळी घसरली’ म्हणतो तेव्हा काय पातळ होतं? नुसत्या आवाजाच्या साम्यावर व्युत्पत्ती काढू नये. आणि समुद्राला आपण ‘सपाटी’ म्हणतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर. सपाट ते द्रव, शीग ते धान्य, हे वऱ्हाडी भाऊंचं मला पटतं. भातगिरणीत कोणी ‘स्तरांक’ म्हणणार नाही. ‘लेवल’च म्हणतील, आणि गवंडीही आता ‘लेवल’च म्हणतो.

मायबोली_शुद्ध
गवंड्याकडे सपाटी बघायला ‘पाणसळ’ होती, उभी रेघ बघायला दोरीला वजन लावलेला ‘ओळंबा’ होता. आपणच टाकले ते शब्द.

इन्स्ट्रुमेंटवाला
ओळंबा टाकलेला नाही. सायलोत वरून दोरीला वजन सोडतात, मालाला टेकलं की दोरीचा ताण जातो आणि यंत्र लांबी मोजून वजन वर ओढून घेतं. या यंत्राला खुशाल ओळंबा म्हणा.

पंपावरचा
ताई, शब्द कोणताही घ्या, पण ‘खाली’ वापरू नका. आमच्याकडे ‘खाली’ म्हणजे रिकामंही आणि तळाकडेही. ‘टाकी दोन मीटर खाली आहे’ याचा एक जण अर्थ लावतो दोन मीटर जागा शिल्लक, दुसरा समजतो माल दोन मीटर उतरला. टँकर रिकामा करताना असा घोळ झाला तर डिझेल जमिनीवर सांडतं. डिप म्हणजे टाकीत सोडायची मोजकाठी, ती तळापासून मोजते; रडार वरून रिकामी जागा मोजतं. कुठून मोजलं ते दर वेळी लिहा.
डिपची काठी पितळेची किंवा ॲल्युमिनियमची असते, ठिणगी पडू नये म्हणून. टोकाला पाणी ओळखायची पेस्ट लावून हळू सोडायची. तळाशी पाणी असलं तर तेवढ्या भागाचा रंग बदलतो. ‘डिप घेणे’ हे सगळ्यांना कळतं, त्याची ‘बुडवकाठी’ करू नका.

अनुवादक_यवतमाळ
‘खाली’ चार ठिकाणी आलंय, आजच काढते. आणि अल्ट्रासॉनिक, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून मोजणाऱ्या यंत्राच्या पानावर ‘उन्हाळ्यात तपासा’ एवढंच आहे. का तपासायचं ते दिलेलं नाही.

इन्स्ट्रुमेंटवाला
हवा तापली की आवाज जोरात पळतो. २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, ४५ अंशांना सुमारे ३५८. यंत्राला तापमान कळत नसेल तर प्रतिध्वनी लवकर परततो आणि टाकी आहे त्याहून जास्त भरलेली दिसते. १० मीटर अंतरावर साधारण ४० सेंटिमीटरचा फरक. चंद्रपूरच्या मे महिन्यात हे लिहायलाच हवं. आणि सायलोत मालावर पाय ठेवू नये, हेही मोठ्या अक्षरात. वरचा थर घट्ट दिसतो, खाली पोकळी असू शकते.

वऱ्हाडी_गडी
धान्याच्या पेवात उतरतानी पयले कंदील सोडत. विझला का आतली हवा खराब, मंग कोनीच उतरे नाई.

गोंदियाकर
पेव म्हणजे बळदच ना?

वऱ्हाडी_गडी
नाई जी. पेव जमिनीत, बळद घराच्या आत.

मायबोली_शुद्ध
आमच्याकडे मात्र बळद म्हणजे भिंतीतली कोठी. जमिनीखालच्याला कोणी बळद म्हणत असेल, तर त्यानं गावाचं नाव सांगावं.