मुखत्यारपत्रावर विसंबू नका

अल्झायमरचं निदान झाल्याझाल्या कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, करून घ्या, मग व्यवहार अडत नाहीत, असं कुणीतरी लिहिलंय. घाई करावी हे पटलं, पण त्या कागदाचा भरवसा धरू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे लिहून देणारा अस्थिरबुद्धी झाला की मुखत्याराचा अधिकारही संपतो. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी कागद बाद! २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णय घेणारा माणूस, तोसुद्धा उपचारांपुरताच. घर, ठेवी, शेअर्स यांना तो हात लावू शकत नाही.

सत्तरीतल्या माणसाची बरीच निरवानिरव झालेली असते. माझ्या मेहुण्यांना पन्नाशीतच अल्झायमर झाला तेव्हा घरकर्ज चालू होतं, भाची इंजिनिअरिंगला आणि फ्लॅट एकट्या त्यांच्या नावावर. पुढे फ्लॅट विकायची वेळ आली, तर वकिलांनी सरळ सांगितलं की आता त्यांच्यासाठी कायदेशीर पालक नेमून घ्यायला हायकोर्टात रिट याचिका करावी लागेल. नवरा समोर बसलाय आणि ताईने त्याच्या अक्षमतेचे दाखले गोळा करत फिरायचं. पगार बंद झाल्यापेक्षा तिला हेच जास्त लागलं.

त्यामुळे सही समजून करता येतेय तोवर खाती आणि ठेवी संयुक्त करा, 'दोघांपैकी कोणीही' असं लिहून. घराचं बक्षीसपत्र करायचं तर कर्ज देणाऱ्या बँकेला आधी विचारा. मृत्युपत्रासोबत, सही समजून केल्याचा, त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडा. नातेवाईक म्हणतील, एवढ्यात कशाला? म्हणू देत.