कंपनीचं हजेरी अ‍ॅप स्वतःच्या मोबाईलमध्ये टाकायला नाही म्हणता येतं का?

कळवा_नाका

नमस्कार, जरा मोठं लिहितेय पण पूर्ण वाचून मगच सांगा. ऐरोलीला एका बॅक ऑफिसमध्ये सात वर्षं झाली मला, अमेरिकेतल्या इन्शुरन्स क्लेमची कागदपत्रं तपासायचं काम आहे. राहते कळव्याला.

मार्चमध्ये आमच्या लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर टाकलं. ते मधूनमधून स्क्रीनशॉट घेतं आणि माऊस-कीबोर्ड किती हलला ते मोजतं, पाच मिनिटं काही हललं नाही की लाल पट्टी. दर सोमवारी सगळ्या टीमचे आकडे नावासकट शीटवर येतात. माझं काम वाचायचं आहे हो, चाळीस चाळीस पानांची हॉस्पिटलची फाईल वाचून त्यात चूक शोधायची, तेव्हा हात हलत नाही डोकं चालतं, पण त्याच्या हिशोबात मी रिकामी बसलेली. चुका कोणाच्या कमी निघतात बघाल तर टीममध्ये पहिल्या तिघांत मी आहे आणि शीटवर मात्र खालून दुसरी.

हे पण सहन केलं. मागच्या महिन्यात टीम लीडने सगळ्यांसमोर विचारलं की ११:४० ते ११:५४ कुठे होतीस. वॉशरूममध्ये होते. महिन्याचे ते दिवस होते, पाच मुलगे बाजूला बसलेले, मी काय उत्तर देणार होते? "चहा घ्यायला गेले होते" असं खोटं बोलले आणि त्याबद्दल ऐकून घेतलं. घरी येईपर्यंत डोळ्यात पाणी होतं.

आता नवीन. हजेरीचं अ‍ॅप स्वतःच्या मोबाईलमध्ये टाका, रोज सेल्फी काढून चेहरा दाखवायचा, लोकेशन "नेहमी चालू" ठेवायचं, आणि कॉन्टॅक्टची परवानगी पण मागतंय. सोबत एक पानी संमतीपत्र, शुक्रवारपर्यंत सही करून द्यायचं. एचआरला विचारलं नाही दिलं तर, तर म्हणाली "मग पगाराची हजेरी कशी लागणार". फोन माझा, त्याचे पैसे मी भरते, त्यात माझ्या मुलीचे फोटो आहेत, आईचे रिपोर्ट आहेत. नाही म्हणायचा हक्क आहे की नाही मला? नवरा म्हणतो सही कर आणि गप्प बस, नोकऱ्या कुठे आहेत.

महापे_नेटवर्क

ताई, मी हेच काम करतो, म्हणजे ही सॉफ्टवेअर लोकांच्या मशीनवर मीच टाकतो. त्यामुळे आधी काय दिसतं आणि काय नाही ते सांगतो.

कंपनीच्या लॅपटॉपवर सगळं दिसतं असंच धरून चाला. ब्राऊझरमध्ये कुलूप दिसलं तरी. कंपनी स्वतःचं सर्टिफिकेट (म्हणजे साईट खरी आहे हे सांगणारं डिजिटल ओळखपत्र) मशीनमध्ये टाकते आणि सगळा ट्रॅफिक मधल्या सर्व्हरवर उघडून तपासून पुढे जातो, कुलपावर क्लिक करून सर्टिफिकेट कोणी दिलंय ते बघा, तिथे वेबसाईटवाल्याच्या नेहमीच्या सर्टिफिकेट कंपनीऐवजी तुमच्या कंपनीचं किंवा सिक्युरिटी प्रॉडक्टचं नाव दिसलं तर समजून जा. बऱ्याच ठिकाणी बँकेच्या साईट यातून वगळतात पण भरवसा ठेवू नका. बँक, डॉक्टर, नवीन नोकरीचे मेल, यातलं काहीही त्या मशीनवर करू नका.

लाल पट्टीबद्दल: पाच मिनिटं हा आकडा आकाशातून पडलेला नाही, आमच्यासारख्याच कोणीतरी सेटिंगमध्ये टाकलेला असतो, तो पंधरा करता येतो, ठराविक कामाच्या लोकांना पूर्ण वगळता पण येतं. मी आमच्याकडे ऑडिटच्या मुलींसाठी करून दिलंय. तुमच्या मॅनेजरने मागणी केली तर आयटीवाल्याला दहा मिनिटांचं काम आहे. कोणी मागतच नाही हे खरं दुखणं.

फोनचं मात्र वेगळं आहे. अँड्रॉइडमध्ये वर्क प्रोफाईल म्हणून सोय असते, कामाची अ‍ॅप वेगळ्या कप्प्यात, आयकॉनवर छोटी बॅग दिसते. त्यात कंपनीला तुमचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅप काही दिसत नाही आणि पुसायचं झालं तर तेवढा कप्पाच पुसता येतो. तुमच्याकडे जे मागतायत ते तसं नाही. हजेरी लावायला लोकेशन "अ‍ॅप वापरताना" एवढंच पुरतं, "नेहमी" कशाला? कॉन्टॅक्ट तर कशालाच नको. आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली तर अजिबात देऊ नका, त्यातून स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं.

माऊस हलवणारं यंत्र लावा असा सल्ला कोणी देईल इथे, तो ऐकू नका. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये खोटी कीबोर्ड हालचाल दाखवली म्हणून डझनाहून जास्त लोकांना काढलं. बरोबर असलेला माणूस त्यामुळे चुकीचा ठरतो.

वागळे_रोड_१६

माझी बाजू पण ऐका. वागळे इस्टेटमध्ये माझी छोटी फर्म आहे, बावीस माणसं. तीन वर्षांपूर्वी एक मुलगा आमच्या क्लायंटची पूर्ण लिस्ट पेन ड्राईव्हवर घेऊन गेला आणि दोन महिन्यात स्वतःचं दुकान उघडलं, चार क्लायंट गेले, त्या वर्षी मी बायकोचे दागिने ठेवून पगार दिलेत. त्यानंतर मी पण सॉफ्टवेअर लावलं आणि मला त्याची लाज वाटत नाही. परदेशी क्लायंट ऑडिटला येतो तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो की डेटा बाहेर जाऊ नये म्हणून काय केलंत, उत्तर नसेल तर काम दुसऱ्याला जातं आणि मग हक्क घेऊन काय करणार. मशीन माझं, वेळ मी विकत घेतलेला, त्यावर नजर ठेवली तर अन्याय कसा?

वॉशरूमचं जे झालं ते वाईटच झालं. तो माणूस वाईट आहे, सॉफ्टवेअर नाही.

चेंदणी_वकील

ठाणे कोर्टात प्रॅक्टिस करते. कायद्याचं जेवढं आहे तेवढं सांगते, गोड करून नाही.

सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, राज्यघटनेच्या कलम २१ मध्येच, म्हणजे जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातच येतो. लोक इथे थांबतात आणि म्हणतात झालं, जिंकलो. पण मूलभूत हक्क प्रामुख्याने सरकारविरुद्ध असतात. २०२३ च्या जानेवारीत कौशल किशोर खटल्यात घटनापीठाने बहुमताने म्हटलं की कलम १९ (बोलण्याचं वगैरे स्वातंत्र्य) आणि २१ खाजगी व्यक्तींविरुद्ध पण लागू करता येतात, तरी प्रत्यक्षात एका खाजगी कंपनीच्या हजेरी अ‍ॅपसाठी तुम्ही थेट हायकोर्टात जाल आणि लगेच काही मिळेल अशी आशा मी कोणाला लावणार नाही.

डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे. आणि त्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी, मालकाचं नुकसान टाळण्यासाठी, संमतीशिवाय पण माहिती वापरता येते अशी सोय आहे. मालकाच्या बाजूने बऱ्यापैकी मोठं दार ठेवलंय ते, मला आवडलेलं नाही. वागळेवाल्या दादांची पेन ड्राईव्हची भीती त्या दारातून आत येते. कॉन्टॅक्ट लिस्ट आणि रात्री दहाचं लोकेशन कसं येईल हे मात्र मला कोणी पटवून द्यावं.

तोवर जुना आयटी कायदा, कलम ४३अ, आणि त्याखालचे २०११ चे नियम. त्यात बायोमेट्रिक माहिती संवेदनशील धरली आहे आणि चेहऱ्याची ठेवण बायोमेट्रिकमध्ये येते. लेखी संमती लागते, कशासाठी घेतोय ते सांगावं लागतं, माहिती न देण्याचा पर्याय द्यावा लागतो, दिलेली संमती मागे घेता येते, आणि कंपनीने तक्रार अधिकारी नेमून महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. लोकेशन त्या संवेदनशील यादीत नाही, हे पण सांगून ठेवते नाहीतर एचआर तुम्हाला तिथेच पकडेल.

ताई, म्हणून तोंडी भांडू नका. मेल करा: चेहऱ्याची माहिती कुठे साठवणार, किती दिवस, कोण बघणार, नोकरी सोडल्यावर पुसणार का, तक्रार अधिकारी कोण, आणि चेहऱ्याऐवजी कार्ड किंवा रजिस्टर चालेल का. "नाही" असा शब्द लिहू नका, "पर्याय द्या" असं लिहा. पगार कापायची धमकी असेल तर ती पण लेखी मागा, बहुतेक वेळा ती लेखी येत नाही.

रबाळे_जुना_कामगार

मी आयटीतला नाही, बेलापूर रोडच्या केमिकल कंपनीत सव्वीस वर्षं काढली, आता घणसोलीला मुलाकडे असतो. मुलगा आयटीत आहे म्हणून हे वाचतो.

आमच्या वेळी गेटवर पंचिंग कार्ड होतं आणि सुटताना झडती. कोणी तक्रार नाही केली पंचिंगची, आला कधी गेला कधी हे मालकाला कळलंच पाहिजे. झडतीवर मात्र तक्रार होती, कारण वॉचमन मनात येईल त्याला बाजूला काढायचा, डबा उघडायचा, अंगावर हात टाकायचा. युनियनने झडती बंद करा असं म्हटलं नव्हतं. ठरवून घेतलं की झडती सगळ्यांची किंवा नंबर लावून, बायकांची बाईनेच करायची, साहेब लोकांची पण करायची. साहेबांची सुरू झाल्यावर आठवड्याभरात वॉचमनची भाषा सुधारली. तुमच्या ऑफिसात मॅनेजरचा आकडा त्या शीटवर येतो का? एवढा एकच प्रश्न विचारून बघा.

आणि एक बोलतो, राग मानू नका. नागपूरला, चंडीगडला सफाई कामगारांच्या हातात जीपीएसची घड्याळं बांधली, ते ओरडत होते की बाथरूमला गेलो तरी वर दिसतं, तेव्हा एसीत बसणारी माणसं म्हणाली बरं झालं, कामचोर आहेत. हरियाणात २०२१ मध्ये आशा ताईंच्या फोनमध्ये सरकारने कंट्रोल करणारं अ‍ॅप टाकायला लावलं, त्यांनी विरोध केला, फोन परत केले. पगार किती त्यांचा, तरी उभ्या राहिल्या. तुमच्यापर्यंत आलं तेव्हा हक्क आठवला. आला ते चांगलंच आहे, पण पुढच्या वेळी सोसायटीतल्या झाडूवाल्या बाईला सेल्फी हजेरी लावायची ठरवतील तेव्हा मीटिंगमध्ये बोला.

वागळे_रोड_१६

काका, साहेबांच्या झडतीचं पटलं. माझा स्वतःचा लॅपटॉप त्या सॉफ्टवेअरमध्ये नाहीये, खरं आहे. पेन ड्राईव्ह बंद करणं आणि फाईल बाहेर गेली तर अलर्ट, एवढंच मला खरं लागतं, मिनिटांचा हिशोब मी पण बघतो पण त्याने माझा एक रुपया वाचल्याचं मला आठवत नाही. तरी वकील मॅडमना एक विचारतो, बावीस माणसांची फर्म तक्रार अधिकारी कुठून आणणार?

चेंदणी_वकील

तुम्हीच व्हा. नाव आणि मेल आयडी वेबसाईटवर टाका, महिन्याच्या आत उत्तर द्या. वेगळा पगार द्यावा लागत नाही.

महापे_नेटवर्क

वागळे दादा, मिनिटं मोजणारा भाग वेगळा बंद करता येतो, फाईल आणि पेन ड्राईव्हचा चालू ठेवून. बहुतेक प्रॉडक्टमध्ये ते दोन वेगळे मॉड्यूल असतात, मिनिटांच्या मॉड्यूलचे पैसे पण वेगळे लावतात कधी कधी. व्हेंडरला विचारा.

आणि एक राहिलं. फ्रान्समध्ये अ‍ॅमेझॉनच्या गोदामांना तिथल्या डेटा नियामकाने ३.२ कोटी युरोचा दंड लावला, जाहीर झालं २०२४ च्या जानेवारीत, त्यात एक मुद्दा हाच होता की कामगाराचा स्कॅनर दहा मिनिटांहून जास्त थांबला की नोंद होत होती आणि प्रत्येक छोट्या थांब्याचं कारण द्यायची वेळ माणसावर येत होती. ताईंच्या चौदा मिनिटांसारखंच. तिथला कायदा इथे लागत नाही हे माहितीये, पण मेलमध्ये एक ओळ टाकायला हरकत नाही, तुमचं काम परदेशी क्लायंटचं आहे ना, असल्या गोष्टीची भीती त्यांना असते.

कळवा_नाका

सगळ्यांचे खूप आभार. काकांचं वाचून वाईट वाटलं कारण खरंच आमच्या सोसायटीत मागच्या वर्षी वॉचमनसाठी सेल्फीचं अ‍ॅप आलं आणि मी मीटिंगला होते, काही बोलले नाही. तो बिचारा पावसात गेटवर उभा राहून लोकेशन मिळेपर्यंत फोन वर धरायचा.

काल रात्री मेल लिहिला, वकील मॅडमनी सांगितलेले सगळे प्रश्न टाकले. एकटीच्या नावाने पाठवायला भीती वाटत होती म्हणून सकाळी ठाण्याहून ट्रान्स हार्बरला बरोबर असणाऱ्या दोघींना दाखवला, त्यातली एक वाचतावाचता गप्प झाली आणि मग म्हणाली तिला पण त्या लीडने तसंच विचारलं होतं, फेब्रुवारीत, सॉफ्टवेअर यायच्या पण आधी. ऐरोली येईपर्यंत तिघींची नावं झाली, दुपारी कँटीनमध्ये आणखी चार. त्यात दोन मुलगे आहेत.

मेल सव्वातीनला गेला. शेवटी एक ओळ माझी वाढवली आहे की मॅनेजर लोकांचे आकडे पण त्याच शीटवर यावेत. एचआरने साडेपाचला फोन केला, भेटून बोलू म्हणाली, मी म्हटलं उत्तर मेलवरच द्या, आम्ही सात जण आहोत. सही अजून केलेली नाही. उद्या शुक्रवार.