कुत्र्याचं एक पिल्लू आणू की दोन?

आठ आठवड्यांची दोन सख्खी भावंडं बघून आलोय, एक चावत होतं माझ्या बुटाच्या लेसला आणि दुसरं त्याच्या पाठीवर डोकं टेकून झोपलेलं, बघून जीवच अडकला. बायको म्हणते दोन्ही आणू, एकमेकांना सोबत होईल. आम्ही दोघंही नोकरीवाले. काय करावं?

उत्तर १
एकच आणा प्लीज. आम्ही पिल्लांतल्या दोन सख्ख्या बहिणी एकदम आणल्या होत्या. त्या एकमेकींतच इतक्या गुंतल्या की हाक मारली तरी आमच्याकडे बघायच्या नाहीत, एकीला डॉक्टरकडे नेलं की दुसरी दाराशी रडून रडून घसा बसवायची, आणि वर्षाच्या झाल्यावर आपसात अशा भांडल्या की एकीच्या कानाला टाके पडले. अजूनही वेगळ्या खोल्यांत जेवतात.

उत्तर २
अशक्य नाहीये पण मेहनत डबल नाही, तिप्पट धरा. झोपायची जागा वेगळी, फिरवणं वेगळं, ट्रेनिंग वेगळं, रोज. शिवाय नर-मादी असतील तर नसबंदीचं आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा, मादी सहाव्या महिन्यातसुद्धा माजावर येऊ शकते, आणि भावंडं आहेत म्हणून ती थांबत नाहीत.

उत्तर ३
नोकरी दोघांची असेल तर मुळात दिवसा पिल्लाजवळ कोण, ते आधी ठरवा. पिल्लाला पिल्लाची सोबत म्हणजे माणसाची सोबत नव्हे हो. एक आणा, वर्ष-दीड वर्षात ते शहाणं झालं की दुसरं आणा, मोठं बघून धाकटं अर्धं आपोआप शिकतं.